रेकॉर्ड प्लेअर, सुई आणि फोनो प्रीअँप: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यातून रेकॉर्ड प्लेअरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडच्या घरांत नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या, भावगीतांच्या ईपी, कन्नड वचनं आणि दासरपदं, ख्यालाच्या एलपी असं सगळं एकाच कपाटात असतं. बाहेरून येणारे बहुतेक सल्ले फक्त एलपीपुरते असतात, त्यामुळे ते इथे अपुरे पडतात. खालच्या प्रत्येक उत्तरामागे एकच विचार आहे: प्लेअर पुन्हा मिळतो, रेकॉर्ड पुन्हा मिळत नाही.

१. माळ्यावर आज्जांच्या पन्नासेक रेकॉर्ड्स सापडल्या. कुठला प्लेअर घेऊ?

आधी प्लेअर बघू नका, रेकॉर्ड्स बघा आणि त्यांचे तीन गठ्ठे करा. जाड, जड, जराही न वाकणारी, बहुतेक वेळा दहा इंची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असलेली ती ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्या), म्हणजे लाखेची. सात इंची, हलकी, ४५ च्या वेगाची ती ईपी किंवा सिंगल. बारा इंची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं चालणारी ती एलपी, वेग ३३⅓. यात एक फसगत आहे. दहा इंची एलपीही निघाल्या होत्या, त्यामुळे लेबलवरचा वेग वाचल्याशिवाय गठ्ठा ठरवू नका. ‘गाणं फार जुनं नाही, म्हणजे रेकॉर्ड विनाइलची’ हा अंदाजही चुकतो. अमेरिकेत एलपी १९४८ साली आली, पण आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या.

गठ्ठ्यात ७८ असतील तर पुढे प्रश्न ३ वाचा. नसतील तर सरळ प्रश्न ५ कडे जा.

२. घरातला चावीचा ग्रामोफोन अजून छान चालतो. त्यावर एलपी लावली तर चालेल का?

नाही, एकदासुद्धा नाही. चावीच्या ग्रामोफोनला वीज नसते. कर्ण्यातून येणारा सगळा आवाज सुईच्या जोरावर निघतो, म्हणून साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीचा, शंभर ग्रॅमहून अधिक भार रेकॉर्डवर पडतो. एलपीला दोन ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. पोलादी सुई एलपीच्या बारीक खाचा एका फेरीत कापून टाकते आणि ते नुकसान भरून येत नाही.

लाखेच्या तबकडीत मुद्दाम खडबडीत भुकटी मिसळलेली असते. तिच्यामुळे सुई झिजून खाचेच्या आकाराची होते. म्हणून पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची असते. डबी महाग पडते म्हणून तीच सुई दहा-दहा वेळा वापरली, की झिजलेल्या सुईची धार तबकडी खाते. नेहमी ऐकायच्या आवडत्या ७८ साठी विजेवरचा प्लेअर वापरा आणि ग्रामोफोन सणासुदीला, साध्या तबकडीवर वाजवा.

३. एकाच प्लेअरवर ७८ आणि एलपी दोन्ही वाजतील असं काही मिळतं का?

मिळतं, पण दोन अटी आहेत: प्लेअरला ७८ चा वेग हवा आणि सुई बदलता यायला हवी. पहिली अट सगळे विचारतात, दुसरी विसरतात. एलपीच्या सुईचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास असतं आणि ७८ च्या सुईचं ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते, त्यामुळे गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते आणि सुईही लवकर जाते. उलट ७८ ची सुई एलपीवर टेकवली तर ती खाचेत बसतच नाही, वरच्या कडा तेवढ्या फोडते.

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स या कामाला सोपा आहे. त्यात ३३, ४५, ७८ असे तिन्ही वेग आहेत आणि सोबत येणाऱ्या व्हीएम९५ई कार्ट्रिजची (सुई बसते तो छोटा ठोकळा) सुई हाताने ओढून काढता येते. त्याच जागी व्हीएमएन९५एसपी ही ७८ साठीची सुई बसते. मात्र एलपीच्या सुईला दोन ग्रॅम दाब लागतो आणि एसपीला पाच ग्रॅम, म्हणून सुई बदलली की टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचं वजनही फिरवून नव्याने लावायचं. याहून सोयीचं म्हणजे दोन हेडशेल (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारे तुकडे) ठेवायचे, एकावर एलपीचं कार्ट्रिज आणि दुसऱ्यावर ७८ चं. प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बन इव्होवरही वेगळा बेल्ट लावून ७८ मिळतो. रेगाच्या प्लॅनर १ वर ७८ नाही. जुन्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वरही नाही. हे प्लेअर उत्तम आहेत, पण ७८ असलेल्या घरासाठी नाहीत.

४. ऑनलाइन सुटकेससारखा प्लेअर स्वस्तात मिळतोय. सुरुवातीला तो घेऊ का?

फक्त नव्या, सहज मिळणाऱ्या रेकॉर्ड्स वाजवायच्या असतील तर तुमची मर्जी. आज्जांच्या रेकॉर्ड्ससाठी नको. यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा दाब पाच-सहा ग्रॅम आणि तो कमी करायची सोय नाही. टोनआर्म हलका, प्लास्टिकचा असतो. स्पीकर त्याच खोक्यात असल्यामुळे त्यांची थरथर थेट सुईपर्यंत जाते. तीन वेगांचं बटण दिसलं म्हणून ७८ लावाल, तर सुई एकच आणि बहुधा एलपीच्या मापाची असते (प्रश्न ३). पैसे कमी असतील तर सहा महिने थांबा. रेकॉर्ड्स इतकी वर्षं थांबल्या आहेत.

५. नवा प्लेअर घ्यायचा आहे. बेल्ट ड्राइव्ह चांगला की डायरेक्ट ड्राइव्ह? पैसे कशावर घालू?

बेल्टच्या प्लेअरमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. मोटरची थरथर पट्ट्यात जिरते. डायरेक्टमध्ये थाळी मोटरवरच बसते, त्यामुळे वेग पटकन येतो आणि टिकतो. दोन्हींत चांगले-वाईट प्लेअर आहेत. पट्टा काही वर्षांनी सैल होतो आणि बदलावा लागतो. बेळगावच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा पट्टा मिळेलच असं नाही, म्हणून घेतानाच एक जादा मागवून ठेवा. ७८ वाजवायच्या असतील आणि वेग थोडा कमी-जास्त करता यायला हवा असेल (का, ते प्रश्न १९ मध्ये), तर डायरेक्टकडे कल ठेवा.

किमती सतत बदलतात, खर्चाचा क्रम बदलत नाही. दाब कमी-जास्त करता येणारा टोनआर्म आणि बदलता येणारं कार्ट्रिज ही पहिली गरज. मग चांगली सुई, मग स्पीकर. ब्लूटूथ, यूएसबी, चकचकीत लाकूड शेवटी. अनेक जण प्लेअरवर सगळा पैसा घालतात आणि टीव्हीखालच्या साउंडबारवर गंगूबाई हनगल ऐकतात. तसं करू नका. मध्यम प्लेअर आणि बरे स्पीकर ही जोडी महागड्या प्लेअर आणि साउंडबारपेक्षा खूप जास्त गाणं देते.

६. आई पंच्याहत्तर वर्षांची आहे, हात थरथरतो. तिला स्वतः लावता येईल असा प्लेअर कोणता?

पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की टोनआर्म आपोआप रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स असा आहे आणि त्यात फोनो प्रीअँपही (प्रश्न ७) आहे. त्यावर ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. सुई बदलता येते, पण कार्ट्रिज आणि दाब ठरलेला. एलपी आणि ईपीसाठी तो आईला खुशाल द्या. ७८ तुम्ही लावून द्या.

७. फोनो प्रीअँप म्हणजे काय? तो लागतोच का?

हल्लीच्या चुंबकी कार्ट्रिजसाठी लागतोच, मग तो प्लेअरच्या आत असो, अँप्लिफायरच्या आत असो की वेगळ्या डबीत. त्याची कामं दोन.

पहिलं काम आवाज वाढवण्याचं. चुंबकी कार्ट्रिजमधून तीन ते पाच मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल येतो. सीडी प्लेअर किंवा मोबाइलची वायर लावतो त्या ऑक्स सॉकेटला याच्या शेकडोपट जोरदार सिग्नल हवा असतो. म्हणून प्लेअर थेट ऑक्सला जोडला की आवाज मुंगीएवढा येतो.

दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं, पण ते जास्त महत्त्वाचं आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तार स्वर मुद्दाम वाढवतात. खर्ज आहे तसा कापला तर खाच इतकी रुंद होईल की बाजूवर गाणं मावणार नाही. वरचे स्वर वाढवून ठेवले की वाजवताना ते खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. हे किती करायचं याचा १९५४ पासून चालत आलेला नियम म्हणजे आरआयएए. दोन्ही टोकांना हा फेरफार जवळजवळ २० डेसिबलचा असतो. फोनो प्रीअँप त्याचा बरोबर उलटा फेरफार करतो. तो नसेल तर तबल्याचा डग्गा गायब होतो आणि नुसती चाट कानात टोचते.

प्लेअरमध्ये प्रीअँप आहे की नाही, हे मागच्या बाजूला बघा. ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा खटका असेल तर आहे.

८. घरी जुना स्टिरिओ अँप आहे, होम थिएटर आहे आणि एक व्हॉल्व्हचा रेडिओसुद्धा. प्लेअर कशाला जोडू?

अँपच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट असेल तर प्लेअरचा खटका ‘फोनो’वर ठेवून तिथे जोडा. नसेल तर खटका ‘लाइन’वर आणि वायर ऑक्सला. दोन्हीकडचा प्रीअँप एकदम चालू ठेवलात तर आवाज फाटतो. ‘नवा प्लेअर खराब निघाला’ अशा तक्रारींमागे बरेचदा एवढंच असतं. होम थिएटरमध्ये फोनो सॉकेट क्वचित असतं. तिथे ऑक्स वापरा आणि आवाज स्टिरिओवर ठेवा, सिनेमाचे इफेक्ट बंद.

जुन्या भारतीय प्लेअरमध्ये, म्हणजे एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीत किंवा फिलिप्सच्या अनेक मॉडेलांत, सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा सिग्नल मुळातच जोरदार असतो आणि त्याला फोनो प्रीअँप लागत नाही. ते ‘फोनो’ सॉकेटला जोडलं तर आवाज फाटतो. तिथे ऑक्सच बरोबर.

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागे पिकअपसाठी दोन भोकं असतात. त्यांना लाइनचा सिग्नल चालतो. पण काही जुन्या रेडिओंच्या सांगाड्यातच करंट असतो, अंगावर येऊ शकतो. जाणत्या मेकॅनिकने मीटर लावून तपासल्याशिवाय त्याला काहीही जोडू नका, अर्थची वायर तर नाहीच.

९. ब्लूटूथ असलेला प्लेअर घेतला तर वायरींची कटकट मिटेल ना?

मिटेल, आणि गाणं ऐकूही येईल. पण ब्लूटूथसाठी आवाज आधी डिजिटल होतो आणि आकुंचित होतो. ब्लूटूथ असला तरी वायरचं सॉकेटही असेल असाच प्लेअर घ्या, म्हणजे पुढे बरे स्पीकर आणलेत तर अडणार नाही.

१०. एमएम आणि एमसी कार्ट्रिज यांत कोणतं घ्यावं?

एमएम. त्यात सुईला जोडलेलं चुंबक हलतं, सिग्नल बरा येतो, ४७ किलोओहमच्या साध्या फोनो इनपुटला ते चालतं आणि सुई झिजली की फक्त सुई बदलता येते. एमसीमध्ये तारेची गुंडाळी हलते. बहुतेक एमसींचा सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतबाहेर असतो, त्यामुळे वेगळा, महाग प्रीअँप लागतो, आणि सुई झिजली की सहसा अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. बारकावे एमसीत जास्त मिळतात हे खरं. पण ज्या घरात सुई कुरिअरनेच मागवावी लागते, तिथे एमएमची सोय मोठी आहे. ऑर्टोफोन २एम रेड, ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका, यांतलं कुठलंही घेतलंत तर पस्तावणार नाही.

११. सुई कधी बदलायची? ‘हिऱ्याची सुई’ कायम टिकते म्हणतात, ते खरं आहे का?

हिरासुद्धा झिजतो. ५०० ते १००० तास वाजल्यावर सुई बदलायला हवी. गोल टोकाची सुई स्वस्त, लंबगोल टोकाची तार स्वर आणि ‘स’-‘श’ अधिक साफ काढते. बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटू लागला, तर आधी सुई पुसा, मग कार्ट्रिजचा कोन तपासा (प्रश्न १६), तरीही तसंच राहिलं तर सुई बदला.

जुन्या प्लेअरबरोबर आलेली सुई किती चालली आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तिच्यावर एकही मोलाची रेकॉर्ड लावू नका, आधी नवी मागवा. शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं. तेव्हा ‘नवी ओरिजिनल शुअर’ म्हणून कुणी विकत असेल तर तो जुना साठा असेल किंवा नक्कल. जिको या जपानी कंपनीच्या सुया अनेक जुन्या कार्ट्रिजना बसतात आणि चांगल्या असतात.

१२. कोल्हापूर-पुण्याला किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुना प्लेअर बघतोय. काय काय तपासू?

सोबत एक साधी रेकॉर्ड न्या, ज्यातलं गाणं तुम्हाला पाठ आहे. वीज बंद असताना थाळी हाताने फिरवा: घरघर नको, डुगडुग नको. टोनआर्म दोन बोटांत अलगद धरून हलवा. तो खिळखिळा असेल किंवा मध्येच अडत असेल तर सोडून द्या, कारण टोनआर्मच्या बेअरिंगची दुरुस्ती आपल्या भागात फार थोड्यांना जमते. मग लावून ऐका. लांबलेला स्वर, म्हणजे सनई, हार्मोनियम किंवा तानपुरा, लहरत असेल तर वेग स्थिर नाही. तबला-ढोलकीत हा दोष लपतो. दोन्ही बाजूंनी सारखा आवाज येतो का ते बघा.

लोक ज्याला घाबरतात तो सैल पट्टा, वाळलेलं तेल, फाटका मॅट हे दोष किरकोळ आहेत. हरवलेलं मागचं वजन मात्र किरकोळ नाही, कारण प्रत्येक मॉडेलचं वजन वेगळं असतं. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स, गॅरार्ड ही नावं दिसली म्हणून भुलू नका आणि नाकही मुरडू नका. समोरचा नग कसा आहे, तेवढंच बघा.

१३. काकांनी अमेरिकेहून जुना प्लेअर आणला. ट्रान्सफॉर्मर लावला, तरी गायक झोपल्यासारखा गातो. का?

ट्रान्सफॉर्मरने ११० व्होल्टचा प्रश्न सुटला, फ्रिक्वेन्सीचा नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. अनेक जुन्या प्लेअरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवरच फिरते, त्यामुळे इथे ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्या पडतात आणि स्वर तीन पट्ट्यांहून जरा जास्त खाली येतो. काळी एकचा गायक खालच्या काळी पाचला जाऊन बसतो. उपाय म्हणजे त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली शोधणं किंवा लेथवाल्याकडून अचूक मापाची करून घेणं. बेळगावच्या उद्यमबागेत बारीक लेथकाम करणारे कारागीर आहेत, माप बरोबर दिलंत तर हे काम इथेच होऊ शकतं. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झच्या प्लेअरना ही अडचण येत नाही.

वेग तपासायची कागदी स्ट्रोब तबकडीही ५० हर्ट्झची घ्या. ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात, अमेरिकन तबकडीवर २१६. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नीट दिसत नाहीत, पिवळा बल्ब किंवा निऑन लागतो.

१४. आमच्याकडे लाइट येते-जाते, व्होल्टेज कमी-जास्त होतं. प्लेअर खराब होईल का?

अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरना सहसा काही होत नाही. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा. जुन्या एसी मोटरच्या प्लेअरना मात्र स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चालवू नका: मोटर गुंईंगुंईं करते आणि तापते. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर चालतो. वाजत असताना लाइट गेली तर सुई रेकॉर्डवर तशीच राहते. आधी टोनआर्म उचला, मग मेणबत्ती शोधा.

१५. स्पीकरमधून सारखी घुरघुर येते.

प्लेअरच्या मागून निघणारी बारीक अर्थची वायर अँपच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला जोडली आहे का? बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो. तरी घुरघुर राहिली तर टोनआर्मला बोट लावून बघा. बोट लावल्यावर घुरघुर थांबली किंवा बदलली तर अर्थिंगचा दोष. मग घरातला तीन पिनचा सॉकेट तपासा. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण मागे वायर नसते. तो इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्या, प्लेअरसाठी नव्हे तरी घरच्या माणसांसाठी. प्लेअर अँपच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून ठेवला असेल तर हातभर लांब न्या.

१६. माडीवर लाकडी फळ्यांची जमीन आहे. कुणी चाललं की सुई उडते. शिवाय दाब, कोन हे सगळं स्वतः कसं लावायचं?

उडणाऱ्या सुईवर घाबरून दाब वाढवू नका. प्लेअर जमिनीवरच्या टेबलावरून काढा आणि बाहेरच्या जाड दगडी भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाका. जुन्या वाड्याची भिंत यासाठी उत्तम. स्पीकर त्या फळीवर ठेवू नका. मग फळीची पातळी गवंड्याच्या पाणसळीने दोन्ही दिशांना बघा.

आता दाब. सुईचं झाकण काढा, ती कशालाही टेकणार नाही याची काळजी घ्या आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग चकती आणि वजन दोन्ही एकदम फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला दाब लावा. अँटीस्केटिंगही (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची सोय) तेवढ्याच आकड्यावर. कमी दाब म्हणजे रेकॉर्डवर दया, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. दाब फार कमी झाला तर सुई खाचेत आपटत जाते आणि जास्त नुकसान करते. सांगितलेल्या मर्यादेत, जरा वरच्या बाजूला राहा. छोटा डिजिटल काटा मिळाला तर आकड्यावर विसंबून राहावं लागत नाही.

कोनासाठी कागदी प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा तक्ता) छापून घ्या, पण छापल्यावर पट्टीने मोजा, प्रिंटर अनेकदा माप लहान करतो. प्रचलित मापात मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज रेघांना समांतर यायला हवं.

१७. खानापूरचा पाऊस! रेकॉर्ड्सवर पांढरी बुरशी आली आहे. कशाने धुवू?

आधी लाख की विनाइल हे ठरवा, कारण इथली चूक कायमची असते. लाखेच्या ७८ ला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर, कोलन वॉटर यांतलं काहीही लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि मऊ सुती कापडाने टिपा. ७८ पाण्यात भिजत ठेवायची नसते.

विनाइलला याच मिश्रणात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. रॉकेल, खोबरेल, फर्निचरचं पॉलिश या घरगुती युक्त्या दोन दिवस चमक देतात आणि पुढची कित्येक वर्षं धूळ धरून ठेवतात. बुरशी काढताना अंगणात बसा, तोंडाला रुमाल बांधा, आणि बुरशीची रेकॉर्ड धुतल्याशिवाय वाजवू नका.

धुतल्यावर जुन्या ओलसर कागदी पाकिटात परत घालू नका, आतलं पाकीट नवं घ्या. बाहेरचं कव्हर मात्र टाकू नका. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वर, नाहीतर वाळवी आणि कसर आधी कव्हर खाते. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला. अथणीकडच्या उन्हाळ्याची काळजी वेगळी: बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत विनाइल वाकतं.

१८. लेबलवर ‘ईसीएलपी’, ‘ईएएसडी’ असं काही लिहिलंय. त्याने सुई बदलावी लागते का?

एचएमव्हीच्या भारतीय क्रमांकांत ईसीएलपी, ईएएलपी या मोनो एलपी आणि ईसीएसडी, ईएएसडी या स्टिरिओ. मोनो एलपी नव्या स्टिरिओ कार्ट्रिजवर खुशाल वाजवा. अँपला मोनो बटण असेल तर दाबा: मोनोतलं गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, तर वर-खाली हालचालीत नुसती खरखर, ती बरीच कमी होते. ७८ साठीही हेच. उलटं मात्र करू नका. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली लवचीक नसते, ती स्टिरिओ रेकॉर्ड खराब करते.

१९. ७८ वर बरोबर वेग लावला आहे, तरी गायकाची पट्टी चढी वाटते. दोष प्लेअरचा का?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीच्या काळात ‘७८’ हा ठाम आकडा नव्हता. ध्वनिमुद्रणाची यंत्रं वेगवेगळ्या वेगाने फिरत आणि सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, ऐंशीपर्यंत वेग सापडतात. ७४ ला मुद्रित केलेली तबकडी ७८ ला वाजवली तर स्वर जवळजवळ एक पट्टी चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनचं होतं, शिवाय ताना घाईच्या वाटतात आणि आवाज पातळ होतो. म्हणूनच वेग सरकवायची पट्टी असलेला प्लेअर घ्या असं प्रश्न ५ मध्ये सांगितलं.

वेग ठरवायचा कसा? पेटी किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप जवळ घ्या. गायकाची पट्टी माहीत असेल तर षड्ज त्याला जुळवा. माहीत नसेल तर साथीची हार्मोनियम ऐका: ती त्या काळी ज्या स्वराला लावलेली असे, तो आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण दोन पेट्यांच्या मधल्या फटीत अडकलेला षड्ज वेग चुकल्याची खूण असू शकतो. मग शब्दांचे उच्चार ऐका. श्वास, व्यंजनं, टाळ्या माणसासारख्या वाटेपर्यंत वेगाची पट्टी सरकवा. कानाला वेळ द्या.

इथे एक मोठी फसगत आहे आणि ती आपल्याच भागातली. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या, ज्यांच्यातल्या काहींवर ‘गांधारी’ हे नाव आहे, त्या ऐकून लोक वेग कमी करतात, कारण आवाज बारीक आणि उंच येतो. तो तसाच होता. घशाच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज खाली उतरला आणि पुढच्या एलपींवर त्या भरदार आवाजाच्या गंगूबाई ऐकू येतात. नंतरचा आवाज डोक्यात ठेवून आधीची तबकडी हळू केलीत, तर जी बाई कधी गायलीच नाही ती ऐकाल. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी दिग्गजांच्या रेकॉर्ड्स ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत. ज्या तबकड्यांनी अशी गाणी घडवली, त्या बरोबर वेगाने ऐकण्यासाठी दहा मिनिटं खर्ची घालणं योग्यच आहे.

२०. रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. यूएसबी प्लेअर पुरेसा आहे का?

एलपी-ईपीसाठी पुरेसा आहे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा आणि एमपी३ फक्त वाटण्यासाठी काढा. खरखर काढणारी साधनं मूळ प्रतीवर चालवू नका. उद्या याहून चांगलं साधन येईल, तेव्हा मूळ लागेल.

प्लेअरवर ७८ नसेल पण ७८ ची सुई असेल, तर तबकडी ४५ ला मुद्रित करून सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट करता येतो. चिरलेल्या तबकडीला तर हा मंद वेगच बरा. फक्त एवढं लक्षात ठेवा की प्रीअँपने लावलेला आरआयएएचा फेरफार (प्रश्न ७) वेग बदलल्यावर चुकीच्या जागी पडतो. शिवाय १९५४ च्या आधीच्या तबकड्या त्या नियमाने कापलेल्याच नाहीत, त्यामुळे त्या कोंदट वाटतात. टोन कानाने लावा: तार जरा वाढवा, खर्ज जरा कमी करा आणि गायकाचा आवाज नैसर्गिक वाटला की थांबा.

२१. चिरलेली ७८ किंवा वाकलेली एलपी वाजवता येते का?

केसाएवढी चीर असेल आणि दोन्ही कडा सपाट असतील तर एकदा, उतरवून घेण्यापुरती. कड वर आली असेल तर सुई तिथे तुटते. वाकलेली एलपी सुई न उडता वाजत असेल तर वाजवा. उन्हात ठेवून किंवा इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका, खाचा बिघडतात. दोन जाड काचांमध्ये दाबून, घराच्या सावलीत काही आठवडे ठेवलं तर थोडा फरक पडतो.

२२. एका फार जुन्या तबकडीची एक बाजू कोरी आहे आणि दुसऱ्या एकीवर सुई बाहेरून लावली तर काहीच ऐकू येत नाही.

कोरी बाजू हा दोष नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं, तेव्हाच्या तबकड्या एकाच बाजूला असत. दुसरीचं लेबल वाचा. ‘पाथे’ असेल तर तिच्यातलं गाणं खाचेच्या वर-खाली हालचालीत कोरलेलं आहे, आणि जुन्या पाथे तबकड्या आतून बाहेर वाजतात. चावीच्या ग्रामोफोनचा नेहमीचा साउंडबॉक्स तिला चालत नाही, पोलादी सुई तर अजिबात नको. स्टिरिओ कार्ट्रिजवर ७८ ची रुंद सुई लावून, डाव्या किंवा उजव्या अशा एकाच बाजूच्या दोन तारा (अधिक-उणे) उलट जोडून मोनो केलं की वर-खालीचं गाणं बाहेर येतं. ही जोडणी जाणकाराकडून करून घ्या, आणि तोवर तबकडी नव्या कागदी पाकिटात उभी ठेवा.